वाटेचं पान

१

खडकीची लढाई मी वर्गात दर वर्षी दोन तासांत उरकत असे. पहिल्या तासाला फळ्यावर नकाशा. वर नदी, खाली पर्वती, मध्ये इंग्रजांची बारीकशी रांग आणि तिच्यासमोर पेशव्यांचं दहापट सैन्य. दुसऱ्या तासाला प्रत्यक्ष लढाई. जरीपटक्याची काठी निघतानाच मोडली, हे मुलांना फार आवडायचं. मग घोडदळ सुटलं, आणि इंग्रजांच्या रांगेपुढच्या ओढ्याच्या दलदलीत पुढचे घोडे पोटापर्यंत रुतले. मागचे त्यांच्या अंगावर आले. समोरून बंदुका. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं आणि बारा दिवसांत पुणं गेलं.

दलदल दाखवायला मी खडूनं आडव्या रेघा मारायचो. हात सवयीनं चालायचा. त्या रेघांमध्ये कुठंतरी माझा पणजोबा होता, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. मास्तरनं घरचं वर्गात आणू नये, अशा मताचा मी.

पणजोबाचं नाव सुभानजी. आमच्या कंग्राळीहून निघून तो निपाणीकडच्या स्वारांत सामील झाला आणि त्यांच्याबरोबर खडकीला गेला. गावातले दोघं परत आले. त्यांनी एवढंच सांगितलं की, सुभानजीचा घोडा चिखलात उतरताना बघितला होता. पडताना कुणी बघितलं नाही. प्रेत नाही, पागोटं नाही, काही नाही.

आता पितृपक्षात आमच्याकडं म्हाळ घालतात. घरातल्या गेलेल्यांना ज्याच्या त्याच्या तिथीला माजघरात पान मांडायचं, नाव घ्यायचं आणि भाऊबंदांपैकी एखाद्याला त्या नावानं जेवायला बसवायचं. पण सुभानजी गेला असं म्हणणार कोण? त्याची बायको राजाबाई मरेपर्यंत कुंकू लावून होती. तिनंच पाडलेली रीत अशी की, सर्वपित्री अमावास्येला त्याचं पान बाहेरच्या सोप्यात, उंबऱ्याला लागून मांडायचं. दार सताड उघडं ठेवायचं. पाण्यानं भरलेला तांब्या शेजारी ठेवायचा. त्या पानावर कुणी बसायचं नाही. आत सगळ्यांची जेवणं झाली की ते पान उचलून मार्कंडेय नदीत सोडायचं. याला आमच्या घरात 'वाटेचं पान' म्हणत.

जिथं ते पान मांडत, तिथली जमीन बारमाही ओली असायची. पाटाएवढी जागा. सगळा सोपा सारवला की तासाभरात वाळायचा, तेवढी जागा वाळायची नाही. आई म्हणायची, म्हातारा चिखलातनं येतोय. मी म्हणायचो, खालून झरा आहे.

२

एकोणीसशे सतरा साली त्या लढाईला शंभर वर्षं होत होती. आमच्या घरात त्या वर्षी आणखी एक माणूस परतायचा होता.

माझा धाकटा भाऊ भावकू शेतीचा गडी. मी शिकलो, तो बैलांत रमला. जेवायला बसला की पहिला घास पानाच्या कडेला काढून ठेवायचा, आणि जेवण झालं की तो घास गोठ्यात नेऊन सर्ज्या बैलाला भरवायचा. भावकू वेशीत आला की सर्ज्या दाव्याला हिसके द्यायचा आणि त्याच्या गळ्यातली घाट, म्हणजे मोठी घंटा, वाजायची. त्यावरून मनुबाई, भावकूची बायको, भाकरी तव्यावर टाकायची.

चौदा साली जर्मनची लढाई लागल्यावर तो इंग्रजांच्या फौजेत, मराठ्यांच्या पलटणीत भरती झाला आणि तुर्कांशी लढायला बसऱ्याला गेला. आई तेव्हा म्हणाली होती, "तुजा पणजा ह्येंच्याच बंदुकीम्होरं गेला. तू ह्येंचीच बंदूक घिऊन निघालास व्हय रं?" तो नुसता हसला. त्याच्या पलटणीनं कूतच्या वेढ्यात पाच महिने काढले आणि सोळा सालच्या एप्रिलात हत्यारं ठेवली. त्यानंतर तुर्कांनी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, एवढं वर्तमानपत्रात आलं. भावकूचं नाव ना मेलेल्यांत होतं ना जगलेल्यांत. मी पलटणीच्या डेपोला अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच यायचं, पत्ता लागत नाही.

सोळा साली वाटेचं पान मांडलं तेव्हा मनुबाई त्याच्यासमोर बसून राहिली. जेवायला आत आली नाही. पानावर बोटभर गूळ जास्तीचा वाढला होता. भावकूला गूळ लागायचा. मला ते बघवेना. बावीस वर्षांची पोर, आणि शंभर वर्षं न आलेल्या माणसाच्या पानासमोर ती स्वतःचं उरलेलं आयुष्य बघत होती. पुढच्या खेपेला हे पान मांडायचंच नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

त्यासाठी मास्तरी डोकं चालवलं. लढाईत, हत्यारानं गेलेल्यांची तिथी वेगळी असते. अमावास्येच्या आदल्या दिवशीची, घातचतुर्दशी. सुभानजी त्या दिवशी, माजघरात, बाकीच्या पितरांच्या पंगतीला. चूक दिसली की लाल शाईनं दुरुस्त करायची, तसं हे.

आईला सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"माणूस गेला असं तुला कुणी सांगितलं?"

"आई, शंभर वर्षं झाली. आता तो जिवंत असेल का?"

"जित्ता हाय असं मी कुटं म्हंतो? वाटंवर हाय म्हंतो. त्येला आत घेतलास तर वाट मोकळी पडंल. मी ल्हानपणी सून हुऊन आलो तवा राजाबाईआजी सांगायची, ह्या घराची वाट मोकळी ठिऊ नका. कुणीतरी तितं असायला लागतंय."

"म्हणजे काय?"

"मला काय ठावं रं. तिनं सांगितलं, मी आयकलं." एवढं बोलून ती पुन्हा डाळीकडं वळली.

मनुबाई दाराआड उभी होती. मला वाटलं, तिला सुटल्यासारखं झालं असेल.

३

चतुर्दशी रविवारी आली, चौदा ऑक्टोबरला. माझ्या बायकोनं, शालूबाईनं, पहाटेच घर सारवून घेतलं. सुभानजीच्या नावानं जेवायला वडलांच्या चुलतभावाला, भरमूआप्पाला, बोलावलं होतं. आप्पा सत्तरीचा, मोजकं बोलणारा, जेवणाचा मोठा रसिक.

माजघरात पान मांडलं. भात, आमटी, खीर, वडे, भोपळ्याची भाजी. मी पाणी सोडलं आणि पणजोबाचं नाव घेऊन म्हणालो, खडकीच्या रणात कामी आलेले. हे शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले. बाहेर सोप्यात काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, पाट ओढल्यासारखा. मांजर असेल.

घरामागच्या परड्यात कावळ्यासाठी पान ठेवलं. माझ्या वडलांच्या पानाला कावळा दर वर्षी तास तास ताटकळवायचा. या पानाला ठेवता ठेवता शिवला. एक नाही, पाच-सहा आले आणि शीत ठेवलं नाही.

"लई भुकेला हुता, मास्तर, म्हातारा," भरमूआप्पा म्हणाला. "बेस केलंस. शंभर वर्सं भाईर बसीवला हुता."

मला बरं वाटलं. हात धुवायला सोप्यातून जाताना पाहिलं, तर उंबऱ्याजवळची ती ओली जागा वाळली होती. माझ्या जन्मापासून न वाळलेली जागा. मी आईला हाक मारून दाखवली. खरं सांगायचं तर थोडा टेंभाच मिरवला.

आईनं वाकून तळहात टेकवला, आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"ऊन लागतंय," ती म्हणाली.

मी हात लावला. जमीन गरम होती. दारातून ऑक्टोबरचं ऊन येत होतं, पण ते त्या जागेपासून हातभर लांब पडलं होतं. उन्हाची तिरीप सरकते, हे मला माहीत होतं. मगाशी तिथं असेल.

४

संध्याकाळपर्यंत त्या जागेला भेगा पडल्या. बाकीचा सोपा हिरवट, गुळगुळीत, आणि मध्ये पाटाएवढा तुकडा उन्हाळ्यातल्या तळ्याच्या बुडासारखा फुटलेला. शालूबाईनं शेणकाला करून पुन्हा बोळा फिरवला. आम्ही दोघंही बघत उभे होतो. ओल जमिनीत शिरत गेली आणि वर सुकं शेण राहिलं, तेही पापुद्रे धरून सुटलं.

"जमीन पितीया जणू," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की खालचा झरा आटला असेल, पोकळी पडली असेल, म्हणून पाणी झिरपतं. बोलताना माझं मलाच पटत होतं. झरा एका दुपारीत कसा आटेल, हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

सकाळी उठलो तर भेगांतून बारीक वाळू वर आली होती. आमच्याकडची माती तांबडी. ही वाळू फिकट पिवळी, पिठासारखी. चिमटीत धरली तर बोटांतून निसटून गेली. आदल्या रात्री तिथं कोनाड्याखाली आईनं पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला होता, तो रिकामा होता आणि आडवा पडला होता. मी मांजरावर खापर फोडलं. मांजर तांब्याभर पाणी पीत नाही. सांडलं असतं तर जमीन ओली दिसली असती.

मनुबाई सडा घालून आली. तिनं वाळूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भावजी, बसऱ्याकडं कसली माती असती वो?"

"मला कसं माहीत असेल?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. मला माहीत होतं. भूगोलही मीच शिकवायचो.

५

अमावास्येला मी शाळेतून रजा घेतली. दुपारी भरमूआप्पा आला, या वेळी माझ्या आज्याच्या नावानं जेवायला. मी स्वतः जाऊन सोप्याचं पुढचं दार लावलं आणि कडी घातली. या दिवशी ते दार दिवसा बंद असण्याची ही पहिलीच वेळ. वाटेचं पान मांडायचं नाही, हे आईला दोनदा बजावलं होतं.

आत आप्पा आणि मी समोरासमोर. शालूबाई भात वाढत होती. आई चुलीपाशी. माझ्या तिन्ही मुली आजोळी गेल्या होत्या. मनुबाई आमटीचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण घरातलं प्रत्येक माणूस त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होतं.

पहिल्यांदा गोठ्यातून घाट वाजली.

सर्ज्या म्हातारा झाला होता. भावकू गेल्यापासून त्यानं दाव्याला हिसका दिला नव्हता. आता तो दावं तोडायला उठल्यागत ओढत होता आणि घाट थांबत नव्हती. मनुबाईच्या हातातलं भांडं हललं, आमटी जमिनीवर सांडली. तिचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली.

मग सोप्यातून आवाज आला. कुणीतरी पाणी पीत होतं.

नुसतं पिणं. घोट, मग घोट. तांब्या केवढा, त्यात घोट मावतात किती? आठ, दहा? मी ऐकत होतो आणि तो थांबत नव्हता. श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. भरमूआप्पाचा घास हातातच राहिला. शालूबाईनं आईकडं पाहिलं.

आई हळूच म्हणाली, "पान मी मांडलंय. तू परड्यात गेल्तास तवा जाऊन मांडून आलो. रिकामं कसं ठिवायचं रं?"

मनुबाई निघाली. मी उष्ट्या हातानंच उठलो आणि तिच्या आडवा झालो. "तू थांब," मी म्हणालो. "मी बघतो."

माजघर आणि सोपा यांच्यामधलं दार लोटलेलं होतं. मी ते वीतभर ढकललं. बाहेरचं दार बंद, त्यामुळं सोप्यात अंधारलेलं होतं. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ येत होती आणि तीत वाळूचे कण तरंगत होते. सोप्यातून भट्टीजवळ उभं राहिल्यासारखी झळ आली. रेघेपलीकडं उंबऱ्याशी पान होतं. पानाच्या उजव्या कडेला, वेगळा काढलेला, भाताचा एक घास होता.

त्या घासाच्या वर एक गळा होता. मागं टाकलेला, दोरखंडासारख्या शिरा आलेला, आणि घोटाघोटाला वरखाली होणारा. त्याच्या वरचं मी बघितलं नाही. बघता आलं असतं. तांब्याच्या खाली तोंड असणारच होतं, पण मी नजर खाली घेतली आणि दार ओढून घेतलं.

मनुबाई माझ्या खांद्याशी होती. "कोण आलंय वो, भावजी?"

"कोणी न्हाय," मी म्हणालो.

सोप्यात पिण्याचा आवाज आणखी थोडा वेळ चालला होता. तो तिलाही ऐकू येत होता.

आवाज थांबल्यावर मी दार उघडलं. सोप्यात कुणी नव्हतं. तांब्या कोरडा होता, बुडाशी वाळू. पानातलं काही हललं नव्हतं, फक्त कडेचा तो घास नव्हता. गोठ्यात गेलो तेव्हा सर्ज्या शांत उभा होता आणि रवंथ करत होता.

६

कागद पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये आला. डेपोचा, इंग्रजीत, माझ्या शाळेच्या पत्त्यावर. मधल्या सुट्टीत शिपायानं आणून दिला. भावकूचं नाव, नंबर. कूत इथं कैद. त्यानंतर दीड वर्ष रेल्वेच्या कामावरील कैद्यांच्या छावणीत. आजारानं मृत्यू. तारीख चौदा ऑक्टोबर एकोणीसशे सतरा.

मी तो कागद तीनदा वाचला. मग शाळेच्या कपाटातलं जुनं पंचांग काढून तारीख ताडून पाहिली, जशी काही ती मला माहीत नव्हती.

दीड वर्ष तो जिवंत होता. वाळवंट चालून गेला, खडी फोडली, रूळ वाहिले आणि जिवंत राहिला. रविवारच्या दुपारी आमच्या माजघरात मी पाणी सोडलं, म्हातारा आत येऊन पोटभर जेवला, आणि त्या दिवसापर्यंत माझा भाऊ जिवंत होता. योगायोग असू शकतो. त्या छावण्यांत रोज माणसं मरत होती. कुठल्यातरी दिवशी तो जाणारच. असं मी स्वतःला सांगतो, आणि मी काही मूर्ख माणूस नाही. पण शपथेवर विचारलंत तर मी त्याला मारलं असंच सांगेन.

त्या दिवशी पुढच्या तासाला खडकी होती. मी फळ्यावर नदी काढली, पर्वती काढली. दलदलीच्या रेघा मारायला हात वर गेला आणि तसाच राहिला. मुलांना वाटलं मास्तर विसरले.

७

त्या अमावास्येला आता अकरा वर्षं झाली. आई गेली, भरमूआप्पा गेला, सर्ज्याही गेला. मला तीन मुली, तिघींची लग्नं झाली. घरात मी, शालूबाई आणि मनुबाई. कागद माझ्या ट्रंकेत इतिहासाच्या वह्यांच्या तळाशी आहे. इंग्रजी येणारं घरात दुसरं कुणी नाही.

वाटेचं पान आम्ही दर सर्वपित्री अमावास्येला मांडतो. आता तांब्या पुरत नाही, मनुबाई घागर भरून ठेवते. दार उघडं असतं. आम्ही आत बसतो आणि ऐकतो. दर वर्षी पिणं जास्त वेळ चालतं. घागर कोरडी होते, आणि पानाच्या कडेचा घास आता तसाच राहतो, कारण तो घ्यायला गोठ्यात कुणी नाही. उंबऱ्याजवळच्या भेगा वाढत वाढत माजघराच्या दारापर्यंत आल्या आहेत.

काय करायला हवं ते मला माहीत आहे. तिथी माहीत आहे, पुरावा हातात आहे. चतुर्दशीला माजघरात पान मांडून भावकूचं नाव घ्यायचं, बस. सुभानजीसारखा तोही आत येईल, जेवेल, त्याची तहान भागेल. एवढ्यानं होईल. पण मग वाट मोकळी पडेल. आणि या घरात आता पुरुष मी एकटाच आहे.

यंदा चतुर्दशीच्या सकाळी मनुबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे केस कानांपाशी पांढरे झालेत. कपाळावर कुंकू होतं, ठसठशीत. तिच्या हातात रिकामी घागर होती.

"भावजी," ती म्हणाली, "मला सगळं ठावं हाय असं समजा. कागद आला आसंल तर सांगा. मी कुकू पुसतो, रडत न्हाय. पर त्यास्नी लई तान लागलीया वो. अकरा वर्सं आयकतोय मी. आज चौदस हाय. आत घ्या त्यास्नी."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शालूबाई चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती.

"कागद आला न्हाय, मनुबाई," मी म्हणालो.

ती घागर काखेला लावून उद्याचं पाणी भरायला विहिरीवर गेली.